मंडईतल्या पिशव्या पुन्हा वापरात याव्यात यासाठी निवेदन

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगर परिषद

विषय : भाजी मंडई व किराणा बाजारात पिशव्यांचा पुनर्वापर सुरू करणे आणि पिशव्यांचे प्लास्टिक वेगळे गोळा करणे याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे मंडईतले भाजीविक्रेते, किराणा दुकानदार आणि याच बाजारात खरेदी करणारे रहिवासी आहोत. राज्य शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आली. या बंदीला आमचा विरोध नाही. ती कागदावरून बाजारात उतरावी, यासाठीच हे निवेदन आहे.

आज अंमलबजावणी म्हणजे अधूनमधून पथक येते, भाजीवालीच्या पाटीखालचा गठ्ठा जप्त होतो आणि पाच हजारांची पावती फाटते. पालेभाजी विकणाऱ्या बाईची दिवसभराची विक्रीही तेवढी नसते. दुसऱ्या दिवशी तसाच गठ्ठा ठोक दुकानातून पुन्हा बाजारात येतो, कारण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने आलेले असते आणि पिशवी नाही म्हटले की ते शेजारच्या गाळ्यावर जाते. तेव्हा तपासणीची सुरुवात ठोक विक्रेत्यांपासून व्हावी. त्यात ‘कापडी’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्याही तपासाव्यात. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. केंद्राच्या नियमांनुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून ६० जीएसएमपेक्षा हलक्या नॉन-वोव्हन पिशव्यांना मनाई आहे. बाजारातल्या कित्येक पिशव्या दोन-तीन फेऱ्यांतच बंदाशी फाटतात.

आमचा मुख्य आग्रह मात्र पुनर्वापराचा आहे. कार्यक्रमांतून नव्या कापडी पिशव्या वाटल्या जातात, फोटो निघतात आणि पिशव्या घरी खुंटीला लटकून राहतात. कापूस पिकवायला, सूत काढायला, रंगवायला पाणी आणि वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली केलेल्या अभ्यासात, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा सुती पिशवीचा हवामानावरचा भार कमी ठरायला ती किमान १३१ वेळा वापरावी लागते, असे दिसले. म्हणजे फक्त आठवडे बाजाराला नेली तर अडीच वर्षे. न वापरलेली कापडी पिशवी पर्यावरणाच्या काही कामाची नाही, हे स्पष्ट सांगायला हवे.

म्हणून नवे कापड घेणे थांबवावे आणि तोच निधी मंडईच्या दाराशी पिशवी केंद्र सुरू करण्यासाठी द्यावा. महिला बचत गटांनी जुन्या साड्या, चादरी आणि किराणा दुकानांतली तांदूळ-साखरेची रिकामी पोती घेऊन पिशव्या शिवाव्यात. पोत्याची दुहेरी शिवणीची पिशवी दहा किलो कांदे-बटाटे सहज पेलते. वीस रुपये अनामत ठेवून पिशवी न्यावी, परत आणली की पैसे मिळावेत. परत आलेली पिशवी धुऊन पुन्हा केंद्रावर लागावी. ओल्या पालेभाजीची जुडी वर्तमानपत्रात किंवा केळीच्या पानात बांधून द्यायला आम्ही विक्रेते तयार आहोत. तशी सूचना नगर परिषदेने प्रत्येक गाळ्यावर लावावी.

आता घरोघरी साठलेल्या प्लास्टिक पिशव्यांचे. चिखल आणि भाजीचे पाणी लागलेली पिशवी भंगारवाला घेत नाही. तिला वजन नाही आणि ती धुण्याचा खर्च तिच्या किमतीहून जास्त. तीच पिशवी कोरडी, स्वच्छ आणि वेगळी मिळाली तर वितळवून दाणे करता येतात. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन वेगवेगळ्या तापमानाला वितळतात, त्यामुळे साध्या आणि नॉन-वोव्हन पिशव्या एकत्र टाकल्या की माल खराब होतो. घंटागाडीवर आठवड्यातून एक दिवस फक्त कोरड्या पिशव्यांसाठी ठेवावा, दोन्ही प्रकारांना वेगळी पोती असावीत आणि निवडण्याचे काम कचरावेचक महिलांना ठरलेल्या मजुरीवर द्यावे. त्यांना हातमोजे आणि ओळखपत्र मिळालेच पाहिजे. आज हे काम त्या कचऱ्याच्या ढिगावर उघड्या हातांनी करतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

दुधाच्या पिशव्यांवर किमान पन्नास पैसे परताव्याची किंमत छापावी, अशी तरतूद २०१८ च्या अधिसूचनेतच होती. तिची स्थानिक पातळीवर काय अंमलबजावणी झाली, याचा लेखी खुलासा आम्हाला मिळावा.

या मागण्यांवर पंधरा दिवसांच्या आत गाळेधारक, बचत गट आणि कचरावेचक यांची एकत्र बैठक बोलवावी. केंद्रासाठी मंडईतली जागा दाखवायला आणि पहिल्या महिन्यासाठी लागणारी रिकामी पोती विनामूल्य द्यायला किराणा दुकानदारांची तयारी आहे. आपण बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
भाजी मंडईतील विक्रेते, किराणा दुकानदार व रहिवासी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)