डेटाची चिंता आणि त्रैराशिक
चित्रपट पाहताना किती डेटा खर्च होतो, हे काढायला शाळेतले त्रैराशिक पुरते. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये आणि खर्च गिगाबाइटमध्ये, म्हणजेच जीबीत, सांगतात, व 8 बिटांचा 1 बाइट होत असल्याने सेकंदाला 5 मेगाबिट वेगाने येणारे एचडी चित्र तासाला सुमारे सव्वादोन जीबी घेते. भारतातील अनेक घरगुती फायबर योजनांत वेग मंदावण्यापूर्वीची मासिक मर्यादा 3,300 जीबी असते. म्हणजे घरातल्यांनी पाळ्या लावून तीस दिवस अहोरात्र मालिका पाहिल्या, तरी निम्मी मर्यादाही संपत नाही. मोबाइलच्या रोजच्या 2 जीबीत काटकसर हे शहाणपण असले, तरी फायबर असलेल्या घरात डेटा वाचवण्यासाठी धूसर चित्र पाहणे ही निव्वळ कंजुषी होय.