वेगाची मर्यादा आणि नफ्याची घाई

बंगळूरच्या वस्तीतील रस्त्यांवर वाहनांचा कमाल वेग ताशी ३० किलोमीटरवर आणावा, अशी मागणी निघाली की भांडवली वृत्तपत्रांतून आणि मोटारवाल्यांच्या वर्तुळांतून एकच ओरड ऐकू येते : आधीच कासवाच्या गतीने चालणारे हे शहर आणखी किती मंद करणार? 'वेग म्हणजे प्रगती' हे सूत्र इतक्या वेळा घोकले गेले आहे की श्रमजीवी जनतेतील काही लोकांनाही ते स्वयंसिद्ध वाटू लागले आहे. म्हणूनच त्याची चिकित्सा करणे अगत्याचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. टॉमटॉम या कंपनीच्या मोजणीनुसार २०२२ साली बंगळूरच्या मध्यभागात १० किलोमीटर जाण्यास सरासरी २९ मिनिटे लागत होती. म्हणजे सरासरी वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास! ज्या शहरात वाहने ताशी २० ने चालतात, तेथे ३० ची मर्यादा कोणाचे काय हिरावून घेणार? सिल्क बोर्डाच्या चौकात तासभर अडकून पडणाऱ्या माणसाचा वेळ वेगमर्यादेने खाल्लेला नाही. तो बसगाड्यांच्या अपुऱ्या संख्येने आणि खाजगी मोटारींच्या बेसुमार वाढीने खाल्ला आहे.

मग वाद कोणत्या वेगाचा आहे? दोन कोंड्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात ६० पर्यंत मारलेल्या मुसंडीचा, आणि रात्री किंवा पहाटे रिकाम्या रस्त्यावर सुटणाऱ्या गाड्यांचा. त्या पहाटे रस्त्यावर कोण असते? झाडू मारणाऱ्या सफाई कामगार स्त्रिया, ज्यांना तेथे पौरकार्मिक म्हणतात; पीण्याच्या कारखान्यांकडे निघालेला कामगार; दूध आणि वर्तमानपत्रे टाकणारी पोरे. मुसंडी एकाची आणि मरण दुसऱ्याचे, असा हा व्यवहार आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, तर ७४ हजारांहून अधिक दुचाकीवरचे होते. शंभरांतील ७१ मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले गेले. यामागील शास्त्र साधे आहे. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० ने जाणाऱ्या मोटारीपुढे मूल आडवे आले, तर चालकाला भान येऊन गाडी थांबेपर्यंत सुमारे १३ मीटर अंतर जाते. ताशी ५० ने जाणाऱ्या गाडीचे तेवढेच अंतर केवळ भान येण्यात निघून जाते. पहिली गाडी जेथे थांबलेली असते, तेथे दुसरीच्या चालकाचा पाय नुकता ब्रेकवर पडत असतो.

हे सत्य राज्यकर्त्यांना ठाऊक नाही असे नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जेथे पादचारी व वाहने एकत्र येतात तेथे ३० ची मर्यादा असावी, असे म्हटले गेले. आपले रस्ते वाहतूक मंत्री त्या परिषदेस जातीने हजर होते. परंतु त्याच सरकारने २०१८ साली महानगरपालिकांच्या हद्दीत मोटारींसाठी कमाल ७० व दुचाकींसाठी ६० अशी मर्यादा ठरवली होती! मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमान्वये राज्य सरकारांना याहून कमी मर्यादा घालता येते. तेव्हा अधिकार नाही, ही सबब बंगळुरातील राज्यकर्त्यांना सांगता येणार नाही.

त्यांचा कल कोणीकडे आहे हे बंगळूर-म्हैसूर महामार्गाने दाखवून दिले. २०२३ साली तेथे अपघाती मृत्यूंची रांग लागली, तेव्हा १ ऑगस्टपासून मुख्य मार्गावरून दुचाकी, रिक्षा आणि ट्रॅक्टर यांनाच हद्दपार करण्यात आले. मोटारींसाठी ताशी १०० ची मुभा मात्र शाबूत राहिली. शहरातही तीच नीती. मोटारीला अडथळा नको म्हणून पादचाऱ्याने जिने चढून पुलावरून जायचे, आणि त्या पुलाचा खर्च निघावा म्हणून त्यावर जाहिरातीचे फलक लावायचे! हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या भुयारी मार्गासाठी सुमारे १७ हजार कोटी रुपयांची योजना मांडली जाते, पण पदपथ मात्र उखडलेलेच राहतात.

येथवर विरोधकांचा समाचार झाला. परंतु एक आक्षेप आपल्याच बाजूने येतो आणि तो गंभीर आहे. काही कार्यकर्ते म्हणतात : मर्यादा कमी केली की पोलिसांच्या हाती आणखी एक पावतीपुस्तक येईल आणि दंड भरेल तो रिक्षावाला, डिलिव्हरीचा पोरगा, टँकरचा चालक. ही भीती निराधार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेल्या दंडावर ५० टक्के सूट जाहीर होताच बंगळुरात शंभर कोटींहून अधिक रुपये जमा झाले. दंड हा सुधारणेचा नव्हे, वसुलीचा मार्ग बनला, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात, कामाच्या दिवसाविषयीच्या प्रकरणात, लंडनमधील एका रेल्वे-अपघाताच्या चौकशीचा दाखला दिला आहे. गार्ड, इंजिनचालक आणि सिग्नलवाला आरोपी म्हणून उभे होते. त्यांच्याकडून चौदा, अठरा, वीस तास काम घेतले जात होते. दोष त्यांच्या माथी मारला गेला, वेळापत्रक आखणारे मालक मोकळे राहिले. आज 'अतिवेग' या नोंदीतही तेच घडते. नोंद चालकाच्या नावे होते. नगावर मजुरी देऊन त्याला पळवणारा कोठेच दिसत नाही. दहा मिनिटांत घरपोच मालाची जाहिरात करणाऱ्या कंपन्यांनी, आम्ही चालकाला घड्याळ दाखवत नाही, असा दावा केला. घड्याळ दाखवण्याची गरजच काय? प्रत्येक खेपेमागे पैसे मिळत असतील, तर घड्याळ त्याच्या पोटातच टिकटिकत असते.

म्हणून वेगाची मर्यादा ही कामाच्या तासांच्या मर्यादेची सख्खी बहीण आहे. १८४७ साली इंग्लंडात दहा तासांचा कायदा झाला, तेव्हा गिरणीमालकांनी उद्योग बुडाल्याचा आक्रोश केला होता. उद्योग बुडाले नाहीत. हेलसिंकीत निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ३० ची मर्यादा आहे. तेथे जुलै २०२५ पर्यंतच्या वर्षभरात रस्ते-अपघातात एकही माणूस मेला नाही, आणि शहरही बुडाले नाही. मात्र तेथे केवळ फलक लावले गेले नाहीत. रस्ते अरुंद केले गेले आणि सार्वजनिक वाहतूक भक्कम उभारली गेली.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. वस्ती, शाळा, बाजार व कारखान्यांच्या दारांशी ३० ची मर्यादा; ती पाळली जावी अशी रस्त्यांची रचना आणि अखंड पदपथ; बीएमटीसीच्या फेऱ्यांचे वेळापत्रक प्रत्यक्ष लागणाऱ्या वेळेनुसार; खेपेवरच्या मजुरीऐवजी किमान वेतनाची हमी; आणि घाई लादली गेल्याचे दिसेल तेथे दंड चालकाला नव्हे, मालकाला. कर्नाटकाने २०२५ साली डिलिव्हरी व टॅक्सी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला, हे या कामगारांच्या झगड्याचे फळ आहे. पण अपघातानंतर मदत देणे वेगळे आणि अपघात घडवणारी मजुरीची पद्धत मोडणे वेगळे.

वेगापुढे सामान्य माणूस हतबल आहे, असे कोणी समजू नये. १८ आणि १९ एप्रिल २०१६ रोजी, भविष्य निर्वाह निधी काढण्यावर निर्बंध घालणाऱ्या नियमाविरुद्ध, बंगळूरच्या हजारो कापड-शिलाई कामगार स्त्रिया कोणत्याही मोठ्या संघटनेच्या आदेशाची वाट न पाहता होसूर रोड आणि म्हैसूर रोडवर उतरल्या. शहराचा वेग शून्यावर आला आणि दुसऱ्याच दिवशी केंद्र सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. याच स्त्रिया दररोज तेच रस्ते जीव मुठीत धरून ओलांडतात. त्यांच्या घरी सुखरूप पोहोचण्याचा प्रश्न वाहतूक पोलिसांवर सोपवून कामगार चळवळीला स्वस्थ बसता येणार नाही. तो आपल्या मागणीपत्रात आला पाहिजे, आणि वेतनाच्या मागणीशेजारीच आला पाहिजे.