तीनशे दहा चुकलं, पण कुठे चुकलं?



मी काळाचौकीतल्या एका शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. आज माझ्याच हातून झालेल्या एका चुकीबद्दल लिहिते आहे, कारण ही चूक आपल्यापैकी बरेच जण करतात असं मला वाटतं.

आकृतिबंधाचा तास होता. गूल काढलेल्या काड्यांनी मी टेबलावर एक चौकोन केला. ४ काड्या लागल्या. त्याला चिकटून दुसरा केला. मधली काडी दोघांत सामाईक, म्हणून एकूण ७. तिसऱ्याला १०. "चार चौकोनांना किती?" सगळा वर्ग ओरडला, "१३!" "दहा चौकोनांना?" बोटं मोजून उत्तर आलं, ३१. मी खूश.

मग विचारलं, "शंभर चौकोनांना?"

काही मुलं वहीत तीन-तीन मिळवत बसली आणि विसाव्या-पंचविसाव्या चौकोनाला कंटाळली. एका मुलीने हात वर केला. "३१० बाई. दहाला ३१, मग शंभरला दहापट." मी म्हटलं, "चूक," आणि फळ्यावर लिहिलं: ३ × १०० + १ = ३०१. मुलांनी उतरवून घेतलं. त्या मुलीने तासभर पुन्हा हात वर केला नाही.

घरी जाताना तेच डोक्यात होतं. तिचं उत्तर चुकलं होतं, पण तिने विचार केला होता. उतरवून घेणाऱ्यांनी तो केला होता का?

या वयातली मुलं अशा प्रश्नाकडे साधारण तीन प्रकारे बघतात, असा माझा अनुभव आहे. पहिला प्रकार पायरीचा: दर वेळी ३ मिळवा. हे बरोबरच आहे, पण शंभरावं पद काढायला नव्याण्णवावं हातात लागतं. दुसरा प्रकार पटीचा. १० पेनांना ३१ रुपये तर १०० पेनांना ३१०, हे आपणच एकमान पद्धतीत शिकवलेलं असतं. म्हणजे ती मुलगी धांदरट नव्हती. आपण दिलेलं हत्यार तिने जिथे चालत नाही तिथे वापरलं, एवढंच. तिसरा प्रकार रचना बघणारा: सुरुवातीची १ काडी, मग प्रत्येक चौकोनाला ३. किंवा प्रत्येकाला ४ धरा आणि सामाईक काड्या वजा करा: ४०० − ९९ = ३०१. सातवीत बैजिक राशी येतात त्या इथूनच. ३क्ष + १ हे पाठ करायचं सूत्र नाही, डोळ्यांनी दिसलेली रचना आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याच मुलीला पुढे बोलावलं. दहा-दहा चौकोनांच्या दोन पट्ट्या करायला लावल्या. ३१ आणि ३१, एकूण ६२ काड्या. "आता जोड." जोडताना दोन काड्या एकमेकींवर आल्या. तिने एक उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "६१." मी विचारलं, "दहा पट्ट्या असत्या तर?" ती थोडं थांबली. "सांधे नऊ. म्हणजे नऊ काड्या जास्त. ३१० मधून ९ गेले, ३०१!" मागून एक मुलगा बोलला, "बाई, मंडपाच्या चौकटींना पण बांबू असाच वाचतो." गणपतीच्या आधी आमच्या भागात जागोजागी मंडप उभे राहतात. हे त्याने रोज बघितलेलं होतं.

म्हणजे ३१० हे उत्तर ३०१ पासून फक्त एका प्रश्नावर होतं. तो प्रश्न मी आदल्या दिवशी विचारला नाही.

आता थोडं कडू बोलते. शिष्यवृत्तीसाठी आपण संख्यामालिका घोटून घेतो. फरक काढा, पुढचं पद लिहा, पुढे चला. दीड तासात ७५ प्रश्न सोडवायचे तर ते लागतं, मान्य आहे. पण फरक सापडला म्हणजे आकृतिबंध समजला असं नाही.

आपल्याच पेशातले द. रा. कापरेकर आठवा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळेत शिकवत त्यांनी संख्यांचा नाद जपला. ६१७४ त्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो. त्यांच्या डेम्लो संख्या वर्गात करून बघा. ११ × ११ = १२१. १११ × १११ = १२३२१. नऊ वेळा १ असलेल्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. मग दहा वेळा १ असेल तर? मुलं बेधडक मध्ये १० घुसवतात. खरं उत्तर आहे १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरात १० होतात, हातचा जातो आणि आकृतिबंध मोडतो. का चालतो हे ज्याला कळलं, त्यालाच कुठे मोडेल ते आधी सांगता येतं.

"अभ्यासक्रम कधी संपवायचा?" असं तुम्ही म्हणाल. मला यासाठी एक जादा तास लागला. पुढे बैजिक राशी शिकवताना तो वसूल झाला.

पालकांना एवढीच विनंती आहे. मुलाने पुढची संख्या बरोबर लिहिली की लगेच शाबासकी देऊन थांबू नका. विचारा, "शंभरावी कोणती? आणि कशावरून?" शिक्षकांनो, चुकीच्या उत्तरावर फुली मारण्याआधी "कसं काढलंस?" हे एकदा विचारा.

त्या मुलीचा हात आता वर असतो. कधी कधी उत्तर चुकतं. चालेल.