चार एक्के आणि आर्जव धर्म

दिवाळीची सुट्टी लागली, की पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली मुले नगर, श्रीरामपूर, शेवगाव, पाथर्डी अशा आपापल्या गावी परततात. वहीपूजन आटोपते, फराळाची ताटे फिरतात आणि दुपारच्या निवांत वेळी कोणाच्या तरी बॅगेतून पत्त्यांचा कॅट बाहेर येतो. त्याच क्षणी घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. नातू म्हणतो, "दादाजी, डाव मांडत नाही, जादू दाखवतो." तरीही आठी लगेच विरत नाही.

ही आठी अकारण नाही. श्रावकाने ज्या सात व्यसनांपासून दूर राहावयाचे, त्यांत पहिले नाव द्यूताचे आहे. शिवाय दिवाळीची अमावास्या ही भगवान महावीरांच्या निर्वाणाची रात्र. त्याच रात्री शुभशकुनाच्या नावाखाली तीन पत्तीचा डाव मांडण्याची प्रथा कित्येक व्यापारी घरांत शिरली आहे. तेव्हा पत्ते दिसताच ज्येष्ठांना धास्ती वाटावी, हे स्वाभाविकच होय. परंतु बावन्न पानांमध्ये स्वतःचे पाप वा पुण्य नसते. ती पाने कोणत्या हेतूने हाताळली जातात, हा खरा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर देण्यास चार एक्क्यांच्या जादूइतके सोपे साधन क्वचितच सापडेल.

जादू शिकणाऱ्याला अगदी आरंभी शिकविला जाणारा हा प्रयोग आहे. चार एक्के आधीच काढून पालथ्या कॅटच्या अगदी वर ठेवावयाचे. पाहणाऱ्याला याची कल्पना नसते. मग कॅट सतरंजीवर ठेवून त्यालाच सांगावयाचे, की वरचा अर्धा भाग उचलून उजवीकडे ठेव. त्यानंतर उजव्या ढिगाचा वरचा अर्धा भाग आणखी उजवीकडे आणि डाव्या ढिगाचा वरचा अर्धा भाग आणखी डावीकडे ठेवावयाचा. एका ओळीत चार ढीग तयार होतात. चारही एक्के उजव्या टोकाच्या ढिगावर असतात, हे केवळ जादू करणाऱ्याने ध्यानात ठेवावयाचे.

आता पाहणाऱ्याने डाव्या टोकाचा ढीग हातात घ्यावा, त्याची वरची तीन पाने एकेक करून तळाशी सारावीत आणि नंतर वरून एकेक पान उरलेल्या तिन्ही ढिगांवर ठेवावे. तो ढीग जागेवर ठेवून हीच कृती दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाची करावी. एव्हाना एक्क्यांच्या ढिगावर तीन इतर पाने येऊन बसलेली असतात. अखेरीस तो ढीग उचलला, की वरची तीन पाने तळाशी जातात, एक्के पुन्हा वर येतात, त्यांतील तीन इतर ढिगांवर वाटले जातात आणि चौथा स्वतःच्याच ढिगावर उरतो. प्रत्येक ढिगाचे वरचे पान उलटले, की इस्पिक, बदाम, किलवर आणि चौकट असे चारही एक्के समोर येतात. जादू करणाऱ्याने एकाही पानाला हात लावलेला नसतो!

पाहणारा थक्क होतो, तो या शेवटच्या गोष्टीमुळे. आपणच कॅट काटला, आपणच पाने वाटली, मग फसवणुकीला जागा कोठे उरली, असे त्याला वाटते. व्यापारी मनाने येथे थोडा हिशेब करावा. नीट पिसलेल्या कॅटमधील कोणत्याही ठरावीक चार जागी चारही एक्केच असण्याचा संभव २,७०,७२५ मध्ये एक इतका अल्प असतो. इतकी दुर्मीळ गोष्ट कोणी सांगितल्या वेळी, सांगितल्या जागी घडवून दाखवीत असेल, तर तो दैवयोग नसून ती कोणाची तरी पूर्वतयारी असते. पाहणाऱ्याचे सगळे लक्ष कॅट काटण्याकडे आणि पाने वाटण्याकडे लागलेले असते; रहस्य मात्र त्याच्या पूर्वीच, एक्के वर ठेवले गेले त्या क्षणी, पूर्ण झालेले असते. निवड आपणच केली हा आभास पाहणाऱ्याच्या मनात दृढ करणे, एवढेच काम पुढच्या कृतींचे असते.

ही हातचलाखी सज्जनाच्या हाती करमणूक ठरते आणि लुच्च्याच्या हाती शस्त्र बनते. १९०२ साली शिकागो येथे 'द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. एस. डब्ल्यू. अर्डनेस हे लेखकाचे टोपणनाव; त्यामागची व्यक्ती कोण, याचा वाद अद्याप मिटलेला नाही. पत्त्यांचे जादूगार आजही हे पुस्तक पायाभूत मानतात. त्याच्या एका भागात जुगाराच्या टेबलावरील लबाड्या सांगितल्या आहेत, तर दुसऱ्या भागात रंगमंचावरील जादू. बोटे तीच, सरावही तोच; प्रयोजन मात्र भिन्न.

आपल्याकडेही ही दोन्ही रूपे दिसतात. पुण्याचे जादूगार रघुवीर यांचे प्रयोग पाहिलेली पिढी आजही त्यांचे नाव कौतुकाने घेते. त्यांच्या प्रयोगाला जाणारा प्रेक्षक आपली दृष्टी चकविली जाणार, हे जाणूनच तिकीट काढीत असे आणि आनंद घेऊन घरी परतत असे. दुसरीकडे, यात्रा-जत्रांच्या गर्दीत तीन पाने पालथी टाकून "राणी शोधा, दुप्पट घ्या" असे ओरडणारा मनुष्य बसलेला असतो. पहिले दोन डाव जो जिंकतो, तो बहुधा त्याचाच साथीदार. खेळ सचोटीने झाला, तरी लावणाऱ्याला तीनांत एकच संधी मिळते; आणि तेथे सचोटी नसल्याने तीही उरत नाही. बाजाराचा पैसा खिशात घेऊन आलेला शेतकरी वा दुकानातील नोकर तेथून रित्या हाताने उठतो.

या दोहोंमधील सीमारेषा जैन आचारशास्त्राने फार पूर्वी आखून ठेवली आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील दोन थेट दुकानाच्या गादीशी संबंधित आहेत: हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे, आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू खपविणे. एका पानाच्या जागी दुसरे पान दाखविणे, हा एका अर्थी प्रतिरूपकाचाच खेळ आहे. परंतु जादूत पाहणाऱ्याची पूर्ण संमती असते आणि त्याचे काही हिरावले जात नाही. व्यवहारात त्याची संमती नसते आणि त्याचे धन जाते. तेथेच चातुर्य संपून माया सुरू होते.

क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांमध्ये माया ओळखण्यास सर्वांत कठीण. क्रोध चेहऱ्यावर दिसतो, मान बोलण्यातून प्रकटतो, लोभ वागण्यातून लक्षात येतो. माया मात्र दुसऱ्याच कशाचे तरी रूप घेऊन येते. म्हणूनच तिच्यावरील उपाय म्हणून आर्जव, म्हणजे मनाचा सरळपणा, सांगितला गेला. मनात, बोलण्यात आणि कृतीत एकच असणे, हे आर्जवाचे लक्षण.

आर्जव ही केवळ स्थानकात वा मंदिरात ऐकावयाची गोष्ट नव्हे, हे बाजाराच्या इतिहासावरूनही दिसते. पूर्वी शेतमालाच्या बाजारात दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत असत. माल शेतकऱ्याचा आणि भाव मात्र त्याच्या डोळ्यांआड! या हत्ता पद्धतीत प्रत्येक व्यवहार लबाडीचाच होता, असे नव्हे. तथापि लबाडी झाली, तरी ती दिसण्याची सोय नव्हती. बाजार समित्यांच्या नियमांनी ही पद्धत मोडली आणि उघड लिलाव आला. रुमाल बाजूला झाला, तेव्हा प्रामाणिक आडत्याचे काहीच बिघडले नाही. उलट त्याचा प्रामाणिकपणा सर्वांना दिसू लागला.

आज तो रुमाल मोबाईलच्या पडद्याच्या रूपाने परतला आहे. थोड्या महिन्यांत रक्कम दुप्पट करण्याचे आमिष, अनोळखी गटात दाखविले जाणारे शेअर बाजाराचे खोटे नफे, पोलीस असल्याची बतावणी करून "आत्ताच्या आत्ता पैसे भरा" अशी धमकी. या साऱ्यांची रचना चार एक्क्यांच्या प्रयोगासारखीच असते. एक्के आधी रचलेले असतात आणि निवड आपणच करीत आहोत, असा भास करून दिला जातो. पहिला छोटा नफा खात्यात खरोखर जमाही होतो. तो यात्रेतील साथीदाराच्या पहिल्या दोन डावांचेच काम करतो. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. तथापि कायदा दाराशी पहारा देऊ शकतो, मनाशी नाही. फसवणूक झाल्याचे ध्यानात येताच लाज न बाळगता १९३० या क्रमांकावर तात्काळ तक्रार करावी. जितका विलंब अधिक, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

म्हणून घरातील मुलाने जादू दाखविली, तर तिला मज्जाव करण्याऐवजी काही मर्यादा घालून द्याव्यात. पहिली, पानांवर पैसा कधीही लागू नये. गंमत म्हणून एक रुपयाही नको, कारण द्यूताचे दार नेहमी गंमतीनेच उघडते. दुसरी, "माझ्याकडे मंत्र आहे, सिद्धी आहे" असे मुलाने थट्टेतही म्हणू नये. "ही हाताची आणि सरावाची कला आहे" असे आरंभीच सांगावे. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसविणे व पैसा मिळविणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविला आहे. पण कायदा नसता, तरी सत्याणुव्रत होतेच. तिसरी मर्यादा अशी, की ज्याला फसविले, त्याची टिंगल करू नये. लहान बहिणीला रडवून मिळविलेली वाहवा मानकषायाच्या खात्यावर जमा होते.

याच्या जोडीला वडीलधाऱ्यांनीही एक काम करावे. प्रयोग संपला, टाळ्या झाल्या, की सर्व मुलांना जवळ बसवून विचारावे, "एक्के वर कोणी ठेवले? केव्हा ठेवले? तेव्हा तुमचे लक्ष कोठे होते?" मुले आपापसांत तर्क करतील, चुकतील, पुन्हा कॅट मागतील. उत्तर त्यांना त्यांचे शोधू द्यावे. जे मूल आज सतरंजीवर बसून हे तीन प्रश्न विचारावयास शिकेल, ते उद्या गादीवर बसल्यावर फार स्वस्त माल, फार मोठे व्याज आणि फार गोड बोलणे समोर आले, की हेच तीन प्रश्न विचारील. आणि स्वतःच्या हाती एक्के रचण्याची कला असूनही, ज्याने विश्वासाने कॅट काटला त्याच्याशी सरळ वागेल.

नगर जिल्ह्यातील चिचोंडीसारख्या लहान गावात जन्मलेल्या आचार्य आनंदऋषीजींच्या प्रेरणेने पाथर्डीत धार्मिक परीक्षा बोर्ड उभे राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी व्रते व अतिचार पाठ केले. पाठ केलेले आचरणात उतरण्यासाठी मात्र घरातील लहानसहान प्रसंगच उपयोगी पडतात. प्रतिरूपक व्यवहार हा शब्द परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिणे सोपे. तो चार एक्क्यांत ओळखणे थोडे अवघड. आणि स्वतःच्या वहीत शिरू न देणे, हे आयुष्यभराचे काम.