मागचा ब्रेक, पुढचा ब्रेक

वडिलांनी माझ्यासाठी दोनच गोष्टी मागे ठेवल्या: पुस्तकांचे एक कपाट आणि जुनी फियाट. कपाटाला वाळवी लागली आणि फियाटला माझा पुतण्या! तो इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे माणसाला सर्व काही येते असे वाटण्याचेच ते वर्ष.

"काका, चारी चाकांना जुने ड्रम! ब्रेक अगदी ढिले आहेत," तो म्हणाला. "माणसं मागं, सामान मागं. मागच्या चाकांना चांगले पकडीचे लायनर घालू. पुढचे चालतील अजून."

व्याकरणाच्या प्राध्यापकाने यंत्रशास्त्रात बोलू नये, म्हणून मी मान डोलावली.

श्रावणात सहकुटुंब भीमाशंकरला गेलो. परतताना पोखरीचा घाट उतरत होतो. पाऊस भुरभुरत होता. वळणावर अचानक एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला. मागची चाके जाम झाली, गाडीची शेपटी गर्रकन पुढे आली आणि क्षणभराने पाहतो, तो फियाटचे तोंड पुन्हा भीमाशंकराकडे! दरी दोन हातांवर होती. मागे बसलेल्या मुलीच्या हातात प्रसादाची पुडी तशीच घट्ट धरलेली होती.

सौभाग्यवती एक शब्द बोलली नाही. मुलांना घेऊन खाली उतरली आणि घोडेगावपर्यंत एस.टी.ने गेली.

दुसऱ्या दिवशी नारायणगावच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गाडी नेली. चाके उघडून पाहताच ते म्हणाले, "मास्तर, बैलगाडीत बसलाय ना कधी? चढाला गाडी उलाळ होती, उताराला समदा भार बैलाच्या मानंवर येतो. मोटारीचं तसंच हाय. ब्रेक दाबला की ती नाक खाली घालती."

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या माणसाला याहून सोपे उदाहरण कोण देणार? उभ्या गाडीचे वजन पुढे-मागे निम्मे निम्मे असले, तरी कोरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावताच सुमारे दोन-तृतीयांश भार पुढच्या चाकांवर जातो. उतारावर त्याहूनही अधिक. मागची चाके हलकी होतात. म्हणून त्यांचा ब्रेक बेताचाच हवा. पुढची चाके जाम झाली तर गाडी स्टिअरिंगला जुमानत नाही, पण निदान सरळ जाते. मागची आधी जाम झाली तर गिरकी घेते. आम्ही नेमके मागचेच बळ वाढवले होते!

मिस्त्रींनी चारी चाकांना एकाच जातीचे लायनर घातले, पुढचे अडकलेले व्हील सिलिंडर साफ केले आणि ब्रेक ऑइल बदलले. ते हवेतले पाणी शोषते आणि मग घाटात तापून उकळते, हे मला तेव्हा कळले. मग मोकळ्या मैदानात मला गाडी पळवून ब्रेक दाबायला लावला आणि स्वतः बाजूला उभे राहून चाके पाहिली. पुढची आधी अडली, मागची किंचित नंतर. "आता घरच्यांना बसवा," ते म्हणाले.

पुतण्याने विचारले, "पुढं डिस्क ब्रेक बसवले तर?"

"बसव की! पण ड्रम फिरता फिरता आपली पकड आपणच वाढवतो, डिस्क तसं करत नाही. पायाला जोर लागंल. मग बूस्टर घाल, मास्टर सिलिंडर बदल आन् मागचा हिशेब पुन्यांदा जुळव. आन् टायर गुळगुळीत आसंल तर समदंच वाया!"

2019 सालापासून नव्या मोटारींना चाक जाम होऊ न देणारी ए.बी.एस. यंत्रणा सक्तीची आहे. पुढचा-मागचा हिशेब बहुतेक गाड्यांत यंत्रच ठेवते. माझ्या फियाटचा हिशेब मात्र माणसालाच ठेवावा लागतो.

गेल्या महिन्यात माळशेज उतरून कल्याणला सासुरवाडीस निघालो. मढ मागे पडल्यावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली. उतारावर इंजिनानेच आवर घातला की ब्रेक तापत नाहीत. सौभाग्यवती शेजारी मुकाट बसली होती, मूठ मिटलेली.

घाट संपला. टोकावड्याला चहासाठी थांबलो, तेव्हा तिने मूठ उघडली. आत घड्या घातलेल्या नोटा होत्या.

"एस.टी.चं भाडं," ती म्हणाली. "वाचलं. आता मुलांना भजी घ्या."