भिवापूरचा शेतकरी आणि कंपन्यांचा कर

शेतकरी कर भरत नाही, असे शहरी सुशिक्षितांकडून वारंवार ऐकविले जाते. हे धादांत असत्य आहे. भिवापूरचा मिरची उत्पादक रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी मोजतो. कारखानदार कच्च्या मालावरील कर पुढे वजा करून घेतो; नोंदणी नसलेल्या शेतकऱ्यास ती वजावट नाही. पीक बुडाले तरी भरलेला कर बुडालाच!

कंपनीला मात्र आयकर लागतो तो नफ्यावर. तोही २० सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकमाने, इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी, २२ टक्क्यांवर आणला. नव्या कारखानदार कंपन्यांना १५ टक्के. अधिवेशनाची वाट पाहण्याचीही सवड नव्हती. वार्षिक १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडले, हा सरकारचाच अंदाज.

कंपनी कायद्याचे तेच. २०१७ साली राजकीय देणग्यांवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा उठविली गेली. तोट्यातील कंपनीही दानशूर होऊ शकली! १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. करकपात मात्र कायम आहे.

कीटकनाशकावरील कर रद्द करा, कंपन्यांची सवलत मागे घ्या, ही आमची मागणी आहे. साथींनी गावोगावच्या कृषी केंद्रांच्या पावत्या गोळा करून तहसीलदारांपुढे ठेवाव्यात.