पडद्यावर मान, दप्तरात नकार!

२०२४ च्या जुलै महिन्यात नेटफ्लिक्सवर 'द बॉयफ्रेंड' नावाची जपानी मालिका आली. समलिंगी तरुणांच्या प्रेमावरचा जपानमधील हा पहिला रिअॅलिटी कार्यक्रम म्हणून तिचा गाजावाजा झाला. आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात तिची चर्चा कशाला, असे काही वाचक विचारतील. प्रश्न योग्य आहे. खैरलांजीचे आणि खर्ड्याचे रक्त पाहिलेल्या समाजाने जपानच्या पोरांची प्रेमप्रकरणे पाहत बसावे काय? आम्ही दहाही भाग पाहिले आणि आमच्या मते त्यांची चर्चा इथेच व्हायला हवी. मात्र प्रस्थापित माध्यमांनी ज्या कारणासाठी या कार्यक्रमाचे गोडवे गायले, त्या कारणासाठी नव्हे.

आधी कार्यक्रमाविषयी. समुद्रकिनाऱ्यावरच्या 'ग्रीन रूम' नावाच्या घरात तरुण एकत्र राहतात. सुरुवातीला काही जण येतात, काही मागाहून सामील होतात, असे एकूण नऊ. त्यांत एक दक्षिण कोरियाचा आहे, एक तैवानचा. त्यांच्याकडे कॉफीचा एक फिरता ट्रक दिलेला आहे. तो कुणाबरोबर चालवायचा ते रोज एकाने ठरवायचे. म्हणजे प्रेम करायचे ते कष्ट करता करता, गिऱ्हाईकाला कॉफी देता देता. आम्हाला हे आवडले. आपल्याकडच्या अशा कार्यक्रमांत सरसकट चालणारी आरडाओरड, शिव्या, ग्लास फोडणे यात नाही. सर्वांत मोठे भांडण कशावरून होते, तर कोंबडीच्या मांसावरून! व्यायाम करणारा एक जण मिक्सरमध्ये कोंबडीचे मांस घालून त्याचे पेय करून पितो आणि खर्च मात्र सगळ्यांच्या किराण्यातून जातो. ज्याने वसतिगृहात मेस चालवली असेल त्याला हे भांडण परके वाटणार नाही. अखेरीस दोघे जोडीने घराबाहेर पडतात. स्टुडिओत बसून हे पाहणारी मंडळी डोळे पुसतात.

जपानच्या दूरदर्शन वाहिन्यांवर समलिंगी माणूस पूर्वी दिसत नव्हता असे नाही. दिसत होता, पण हसवण्यासाठी. बायकी हावभाव करणारा, चिमटे काढणारा, घटकाभर करमणूक करून निघून जाणारा. तमाशातला नाच्या आणि हिंदी सिनेमातले तसले पात्र आठवा, म्हणजे नेमके लक्षात येईल. ज्या समाजाला माणूस मानायचे नाही त्याला आधी विदूषक करायचे, ही जगभरची रीत आहे. या नऊ जणांनी ती मोडली. ते स्वयंपाक करतात, रुसतात, आजारी पडतात, एकमेकांना पत्रे लिहितात. साधी माणसे म्हणून दिसतात. एवढे श्रेय निर्मात्यांना दिलेच पाहिजे.

परंतु आम्ही वकील आहोत. प्रेमाची गोष्ट संपली की पुढे नोंद कुठे होणार, हा प्रश्न आमच्या डोक्यात येतोच. त्या दोघांनी टोकियोच्या कुठल्याही वॉर्ड कार्यालयात जाऊन विवाहाचा अर्ज दिला असता तर तो स्वीकारला गेला नसता. याबद्दल त्या सुंदर घरात कुणी फारसे बोलत नाही. तैवानमध्ये २०१९ पासून समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता आहे. म्हणजे एकाच टेबलावर जेवणाऱ्या नऊ जणांत एकाच्या देशाचा कायदा एक म्हणतो आणि यजमान देशाचा दुसरे. यावर एक संवाद तरी घडायला हवा होता. कार्यक्रमाने प्रेम दाखवले आणि हक्क वगळला. आमचा पहिला आक्षेप हाच.

आता जपानच्या कायद्याकडे येऊ. जपानी राज्यघटनेचे २४ वे कलम म्हणते की विवाह हा केवळ उभय लिंगांच्या परस्पर संमतीवर आधारलेला असेल. 'उभय लिंगांच्या' या दोन शब्दांवर बोट ठेवून सरकारी पक्ष म्हणतो की समलिंगी विवाह घटनेत बसत नाही. पण हे कलम लिहिले कुणी आणि कशासाठी? १९४६ साली बेआते सिरोटा ही अवघ्या बावीस वर्षांची तरुणी मसुदा करणाऱ्या अमेरिकी गटात होती. टोकियोत वाढलेल्या या मुलीने जपानी स्त्रीची दशा डोळ्यांनी पाहिली होती. त्या काळच्या नागरी कायद्यात घराण्याचा प्रमुख हा सर्वेसर्वा असे, त्याच्या संमतीशिवाय लग्न होत नसे. ती सत्ता मोडण्यासाठी तिने स्त्रियांच्या हक्कांची कलमे लिहिली आणि त्यांतूनच हे कलम आले. कलमाचा जोर 'केवळ संमती' या शब्दांवर होता. जे कलम घराण्याच्या तुरुंगातून माणसाला सोडवायला लिहिले, त्याच कलमाचे कुलूप करून आज दुसऱ्या माणसाला बाहेर ठेवले जाते. कायद्याचे अक्षर धरून त्याचा आत्मा मारण्याची ही विद्या आपल्या देशातही चांगली अवगत आहे.

जपानी न्यायालयांना हे हळूहळू कळू लागले. १७ मार्च २०२१ रोजी साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचे कोणतेही फायदे न देणे हे समतेच्या १४ व्या कलमाचा भंग आहे असे सांगितले. १४ वे कलम! आपल्या संविधानातही समतेचे कलम १४ वेच, हा योगायोग आम्हाला मोठा गोड वाटला. पुढे २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत साप्पोरो, टोकियो, फुकुओका, नागोया आणि ओसाका या पाच उच्च न्यायालयांनी सध्याची व्यवस्था घटनाविरोधी ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये टोकियो उच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या निकालाने मात्र ती घटनेला धरून असल्याचे म्हटले. संसद बसून राहिली. शिबुया आणि सेतागाया या टोकियोच्या वॉर्डांनी २०१५ पासून 'भागीदारी'ची प्रमाणपत्रे दिली, नंतर शेकडो नगरपालिकांनी दिली. पण त्या कागदाने वारसाहक्क मिळत नाही. म्हणून कित्येक जोडप्यांनी काय केले? थोरल्याने धाकट्याला दत्तक घेतले! जोडीदार कागदोपत्री बाप आणि मुलगा झाले. माणसाला आपले नाते खोटे सांगूनच कायद्यात शिरता येते, याहून मोठी अप्रतिष्ठा कोणती?

फेब्रुवारी २०२३ मध्ये पंतप्रधान किशिदा यांच्या एका सचिवाने पत्रकारांपुढे म्हटले की असे लोक आपल्या शेजारी राहायला नकोत, त्यांच्याकडे पाहणेही नको वाटते. त्याला काढून टाकण्यात आले. शेजारी नको, दृष्टीसही नको. ही भाषा आपल्या बापजाद्यांनी कोणत्या गावात ऐकली नाही?

इथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. जपानमध्ये ज्या दप्तरात विवाहाची नोंद होते त्याला 'कोसेकी' म्हणतात. व्यक्तीची नव्हे, कुटुंबाची नोंद. चामडे कमावणारे, जनावरे कापणारे, अपवित्र मानलेले जपानचे अस्पृश्य म्हणजे बुराकू लोक. १८७१ साली सरकारी फर्मानाने त्यांची अस्पृश्यता कागदावर संपली. पण १८७२ च्या कोसेकीत अनेक ठिकाणी त्यांच्या नावापुढे 'नवे सामान्यजन' असा शेरा मारला गेला. ते जुने दप्तर १९६८ पर्यंत बाहेरच्यांना पाहता येत होते. मुलीसाठी स्थळ आले की गुप्तहेर लावून घराण्याचा माग काढायचा आणि बुराकू निघाला तर लग्न मोडायचे! १९७५ साली बुराकू वस्त्यांची नावे-पत्ते असलेली गुप्त पुस्तके कंपन्यांनी विकत घेतल्याचे उघड झाले. १९२२ साली स्थापन झालेल्या सुइहेइशा या बुराकूंच्या संघटनेपासून आजवरचा त्यांचा लढा आपल्या लढ्याचा सख्खा भाऊ आहे. बौद्ध म्हणून सांगताना आम्हाला लाज वाटते, पण तिथल्या कित्येक विहारांनी बुराकूंना मेल्यानंतरही हीन अर्थाची नावे दिली. १९७९ साली सोतो झेन पंथाच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याने जागतिक धर्मपरिषदेत असा भेदभाव जपानमध्ये नाहीच असे सांगितले, आणि पुढे त्याला ते शब्द परत घ्यावे लागले.

एकच दप्तर. बुराकू मुलाला त्याने लग्नापासून अडवले ते रक्ताच्या शुद्धतेसाठी आणि समलिंगी मुलाला अडवले ते घराण्याच्या चौकटीसाठी. पहारेकरी तोच आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म स्वजातीतील विवाहात शोधले होते. कुणी कुणाशी लग्न करावे हे घराणे ठरवते तोवर जात राहते. मग 'कुणी कुणावर प्रेम करावे' हा प्रश्न आंबेडकरी माणसाला परका कसा?

आणि बाबासाहेब स्वतः या प्रश्नापासून लांब राहिले नाहीत. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांनी हस्तमैथुनाविषयी, समलिंगी संबंधांविषयी प्रश्न विचारले आणि कर्व्यांनी शास्त्राच्या आधारे उत्तरे दिली, हा गुन्हा! सनातन्यांच्या भीतीने मोठमोठे सुधारक गप्प बसले असताना मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडली ती बॅरिस्टर आंबेडकरांनी. ज्याचा समाज नाशिकच्या मंदिराच्या दारात मार खात होता, तो माणूस या विषयासाठी न्यायालयात उभा राहिला. खटला हरला. 'हा आपला विषय नव्हे' असे म्हणणाऱ्यांनी हा खटला आधी वाचावा.

आमच्या काही उपासकांना वाटते की हे धम्माच्या विरुद्ध आहे. पंचशीलातील तिसरे शील कामातील मिथ्याचाराबद्दल आहे. बळजबरी, फसवणूक, दुसऱ्याचा संसार मोडणे यांना आम्ही मिथ्याचार समजतो. दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या निष्ठेत तो कसा शोधायचा ते आम्हाला कळत नाही. क्योटोच्या शुन्कोइन या झेन विहारात समलिंगी जोडप्यांचे विवाहविधी होतात. लुंबिनी ज्या देशात आहे त्या नेपाळमध्ये २०२३ साली अशा विवाहाची पहिली नोंद झाली, आणि बौद्धबहुल थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झाला.

आपल्याकडे ३७७ व्या कलमाचा दंश ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काढला. त्याआधी २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हेच केले होते, आणि तेव्हा आधार घेतला होता बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या संवैधानिक नीतीचा. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र विवाहाचा हक्क नाकारला गेला. त्या खटल्यात विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांच्या नोटिशीलाही आव्हान होते. ती नोटीस म्हणजे काय ते आमच्या पक्षकारांना विचारा. आंतरजातीय जोडप्याचे नाव-पत्ता कार्यालयाच्या फळ्यावर लागतो आणि संध्याकाळी मुलीचे भाऊ काठ्या घेऊन दारात येतात. कोसेकी चाळणाऱ्या जपानी गुप्तहेराचे काम इथे सरकारी फळाच करतो. सोनई आणि खर्डा ज्यांच्या लक्षात आहे त्यांनी या नोटिशीविरुद्ध लढणाऱ्या समलिंगी याचिकाकर्त्यांना परके समजू नये.

अशा कार्यक्रमांचा धंदाही विसरू नये. याच धर्तीच्या 'टेरेस हाऊस' या जपानी कार्यक्रमातील हाना किमुरा या महिला कुस्तीपटूने मे २०२० मध्ये समाजमाध्यमांवरच्या शिवीगाळीनंतर आत्महत्या केली. माणसांची मने उघडी करून विकणारी कंपनी चळवळ नसते. 'द बॉयफ्रेंड'मधले तरुण देखणे, नीटनेटके, कुणाला न दुखावणारे निवडले आहेत. बहुसंख्याकांना आवडतील असे अल्पसंख्याक. असा 'चांगला' दलित सवर्णांनाही नेहमी हवाच असतो, तो हक्क मागत नाही तोवर.

आमच्या समाजातही अशी मुले आहेत. वंचित बहुजन आघाडीने तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिले होते, पण एका प्रवक्तेपदावर भागत नाही. बौद्ध वधू-वर मेळाव्यांत पोटजात विचारणारे पालक आजही भेटतात. त्याच मेळाव्यात एखादा मुलगा आईबापाच्या धाकाने मुली पाहत बसलेला असतो, आणि त्याच्याबरोबर एका निष्पाप मुलीचेही आयुष्य मोडणार असते. मेळावे भरवणाऱ्या मंडळांनी येत्या हंगामापासून पोटजातीचा रकाना अर्जावरून काढावा. आणि असा मुलगा किंवा मुलगी बोलू इच्छित असेल तर तिला घरच्यांच्या आधी ऐकून घेईल असा एक जाणता कार्यकर्ता तिथे बसवावा. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.